तबकडीची दुसरी बाजू

बीटल्सची कीर्ती दिगंत आहे. तथापि त्यांचे ‘रेन’ हे गीत १९६६ साली ‘पेपरबॅक रायटर’च्या तबकडीमागे निघाले आणि बहुतेकांच्या लेखी मागेच राहिले. आम्हां चौघा मित्रांस ते बसविण्याची हौस आली. महिनोन्‌महिने खपलो, पण मूळचा तो ओथंबलेला जडपणा काही केल्या साधेना. ड्रम वाजविणारे आमचे स्नेही तर रडकुंडीस आले. (रिंगो स्टारने आपल्या उत्कृष्ट वादनांत याची गणना केली आहे, हे त्यांस आम्ही सांगितले नव्हते!) मागाहून कळले, की वाद्ये जलद लयीत मुद्रित करून फीत मुद्दाम संथ फिरविली होती. म्हणजे जे आम्ही गिरवीत होतो, ते त्या लयीत कोणी वाजविलेच नव्हते! तेव्हापासून आम्ही ते जलदच वाजवितो. मूळचा भारदस्तपणा त्यात नाही, हे कबूल. पण दोघा-तिघा श्रोत्यांनी घरी जाऊन मूळ गीत शोधून ऐकले.