खारपाणपट्ट्यातली तार

सत्तरच्या दशकात अकोल्याच्या जुन्या वस्तीत छपरांकडे पाहिलं, की दोन बांबूंमध्ये ताणलेली तांब्याच्या जाळीची एरियलपट्टी हटकून दिसे. तिच्यावर सिलोन लागायचं. दुसरी तार अर्थिंगची, अंगणात पुरलेली. उन्हाळ्यात रेडिओ खरखरला की तिच्या बुडाशी लोटाभर पाणी ओतायचं काम पोरांचं.

हौशी रेडिओवाल्याचं, म्हणजे हॅमचं वेड याच्या पुढचं. त्याला नुसतं ऐकायचं नसतं, बोलायचंही असतं. ४० मीटर बँडला २० मीटर तार लागते. वाड्याच्या आढ्यापासून परसातल्या कडुनिंबापर्यंत ती आरामात बसायची. ८० मीटर बँडला ४० मीटर. मग शेजाऱ्याचं झाड मागायचं, दोरीला दगड बांधून फांदीवरून भिरकवायचा. खालून जाणारा विचारणारच, "एवढी लांब तार कायले बांधून रायला गा?" उंची मात्र कधी पुरली नाही. दहाएक मीटरवरची अशी तार बहुतेक शक्ती सरळ आभाळात फेकते. रात्री नागपूर-पुण्याशी झकास गप्पा, समुद्रापार क्वचितच.

दूर जायचं तर उभा अँटेना हवा, भोवती जमिनीत पसरलेल्या तारा हव्यात. इथे आमच्या वऱ्हाडाकडे पूर्णाकाठचा खारपाणपट्टा आहे. दर्यापूर-अकोटकडे कित्येक विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही. शेतकऱ्यानं त्या खाऱ्या पाण्याला जन्मभर शिव्याच घातल्या. पण खारट ओलीतून वीज सहज वाहते आणि उभ्या अँटेनाच्या लहरी अशा जमिनीवरून क्षितिजालगत निघतात. मुंबईच्या हॅमला यासाठी खाडी गाठावी लागेल!

आता सगळं उलटं झालंय. अमरावतीच्या फ्लॅटमध्ये तळहातावर मावणारा सेट आहे, पण गच्ची सोसायटीची. १६० मीटर बँडची ८० मीटर तार कुठे ताणणार? आणि ताणली तरी ऐकू काय येणार? पूर्वी खरखर करायच्या त्या पावसाळी विजा, नाहीतर रस्त्यावरून गेलेली लूना. आता स्वस्तातला एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, कुठलाही गोंगाट करतो. त्यात हे बँड दूरवर चालतात ते रात्रीच. दिवसा आयनांबराचा खालचा थर लहरी गिळून टाकतो. म्हणजे ऐन ऐकायच्या वेळी अख्खं शहर दिवे लावून बसलेलं.

म्हणून तूर निघाल्यावर दहा मीटरची फायबरची काठी आणि बॅटरी घेऊन दर्यापूरकडचं मोकळं रान गाठावं. ४० मीटर बँडच्या उभ्या तारेला तेवढीच उंची लागते. लोडशेडिंगची रात्र मिळाली, तर उत्तमच.