बिडकीनच्या अलीकडे, बिडकीनच्या पलीकडे

छत्रपती संभाजीनगरच्या महानुभाव चौकातून पैठण रोडला लागलं की गाडीचा काटा चाळीसच्या पुढे फार वेळ टिकत नाही. इटखेडा, कांचनवाडी, नक्षत्रवाडी ही गावं आता नावापुरतीच वेगळी उरली आहेत. शहर कधीच त्यांच्यावरून पुढे सरकलंय. लिंक रोडनं वाळूजकडे वळणारे कंटेनर, कंपन्यांच्या बस, मध्येच आडवी येणारी रिक्षा, आणि हंगाम असला तर उसाची दुहेरी ट्रॉली. पुढे चितेगाव, मग फारोळ्याचं जलशुद्धीकरण केंद्र, आणि शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर बिडकीन. इथले अनेकजण ही वाट रोज तुडवतात, आणि त्यातल्याच काहींना दिवाळीत कोकणात किंवा पावसाळ्यात अजिंठ्याकडे गाडी काढायची हौस असते. रोजची ड्यूटी आणि वर्षातल्या चार-सहा ट्रिपा एकाच दुचाकीवर भागवायच्या, तर साडेतीनशेची क्लासिक घ्यावी की चारशेची ट्रायम्फ स्पीड? शोरूमच्या गुळगुळीत फरशीपेक्षा या रस्त्यावर हा प्रश्न नीट कळतो, म्हणून तो घेऊन मी पैठणच्या दिशेनं निघालो आहे.

कागदावर पाहिलं तर ही लढतच नव्हे. क्लासिकचं इंजिन ३४९ सीसीचं, ताकद वीस बीएचपीच्या थोडी वर. ट्रायम्फचं ३९८ सीसीचं आणि ताकद जवळपास दुप्पट. पण ही दुप्पट ताकद कुठे मिळते ते पाहायला हवं. ट्रायम्फ ती देते इंजिन मिनिटाला ८,००० फेऱ्या घेत असताना, आणि तिचा सगळ्यात मोठा टॉर्क, ३७.५ न्यूटन मीटर, येतो ६,५०० वर. क्लासिकचा टॉर्क २७ च आहे, पण तो ४,००० वरच हाताशी येतो. चितेगावच्या गर्दीत, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, पुढच्या टेम्पोच्या चालीनं चालताना कुठलंच इंजिन ८,००० पर्यंत जात नाही. तिथे चारशेवाल्यानं ज्या ताकदीचे पैसे मोजले, तिच्यातला बराच भाग टाकीखाली झोपलेला असतो. चारशेलाही खालच्या फेऱ्यांत बऱ्यापैकी ओढ आहे, हे खरंच. पण खालच्या फेऱ्यांत ती गाडी नुसती चालते. क्लासिक मात्र तिथेच खुलते.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ताकद रोजच्यासाठी नसतेच, ती टूरसाठी. मला हाच मुद्दा सगळ्यात कच्चा वाटतो, आणि त्याचा पुरावा याच जिल्ह्यात आहे. चारशेच्या इंजिनाला मोकळं सोडावं असा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग शहराच्या उत्तरेनं जातो. जून २०२५ मध्ये तो मुंबईच्या टोकापर्यंत पूर्ण खुला झाला, पण दुचाकीला त्यावर प्रवेश नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही नाही. म्हणजे दुचाकीवाल्याच्या वाट्याला येतात ते जुनेच रस्ते: दौलताबादच्या दरवाजातून खुलताबादचा चढ, कन्नडचा औट्रम घाट, टोका-नेवाशावरून नगर, पैठणहून शेवगाव. या वाटांवर काटा नव्वदला लागला तरी पुढच्या गावाचा गतिरोधक त्याला पुन्हा वीसवर आणतो. दिवसभराची सरासरी पन्नास पडली तरी डोक्यावरून पाणी. आपल्याकडची टूर म्हणजे लांबवलेली ड्यूटीच. तेव्हा जी गाडी बिडकीनच्या अलीकडे बरी, तीच पलीकडेही बरी पडते. दोन कामांसाठी दोन कसोट्या लावायची गरज नाही.

बिडकीन ओलांडलं की दोन्ही बाजूंना काळी जमीन पसरत जाते, कपाशीची, तुरीची, पुढे मोसंबीच्या बागांची. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तळहात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावरचा डांबरी रस्ता सपाट राहणं अवघडच. दोन-तीन पावसाळ्यांत त्याला लाटा येतात, कडा खचतात. अशा लाटांवर क्लासिकचं पुढचं १९ इंची आणि मागचं १८ इंची चाक खड्डा जरा सहज पार करतं. ट्रायम्फची दोन्ही चाकं १७ इंची. वळणावर ती चपळ, खड्ड्यात मात्र जास्त खोल जातात. पण याच जागी क्लासिकची एक खोडही सांगायला हवी. तिच्या तारांच्या चाकांत ट्यूब असते, आणि ढोरकीनच्या पुढे भर उन्हात पंक्चर झालं तर चाक काढण्यावाचून गत्यंतर नसतं. ट्यूबलेसला बाहेरून वातीचा तुकडा ठोकून हवा भरली की काम होतं. क्लासिक घ्यायचीच तर अलॉय चाकांची घ्यावी. तारांची चाकं लग्नाच्या फोटोत शोभतात.

चारशेच्या बाजूचे दोन मुद्दे मला उडवून लावता येत नाहीत. पहिला वजनाचा. क्लासिक १९५ किलोची, ट्रायम्फ पावणेदोनशेच्या आसपास. बिडकीनच्या बाजारात मुरमाड उतारावर गाडी मागे ढकलून वळवताना हे वीस किलो पोटऱ्यांना कळतात. शिवाय चारशेचा क्लच हलका. दुसरा मुद्दा जिवाशी निगडित आहे. साठच्या वेगानं जाणारा ट्रक ओलांडायला त्याच्यापेक्षा पस्तीस मीटर जास्त अंतर कापावं लागतं असं धरा. आपला वेग सरासरी पंधरानंच जास्त असेल तर आठ सेकंद लागतात. पंचवीसनं असेल तर पाच. त्या तीन सेकंदांत समोरून साठनं येणारी गाडी पन्नास मीटर जवळ येते. दुपदरी रस्त्यावर ही पन्नास मीटर लहान गोष्ट नव्हे. माझं उत्तर इतकंच की धुळे-सोलापूर मार्गाचा बराचसा भाग आता दुभाजकाचा, चौपदरी आहे, आणि दुपदरी वाटांवर बहुतेक वेळा पुढे असतो तो वीसनं रांगणारा ट्रॅक्टर. त्याला मागे टाकायला वीस बीएचपी पुरते. ज्याची वाट रोज भरधाव ट्रकांच्या दुपदरी रस्त्यानं जाते, त्यानं मात्र माझं न ऐकता चारशेच घ्यावी.

पेट्रोलचा हिशेब लोक उगाच ताणतात. महिन्याला साडेबाराशे किलोमीटर, एकीचं ॲव्हरेज ३३ आणि दुसरीचं २८ धरलं, तर फरक पडतो सातेक लिटरचा. या किमतीच्या गाडीवर बसणाऱ्यानं त्यासाठी रडू नये. खरा फरक कराचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर १८ टक्के जीएसटी, त्यापुढे ४० टक्के. एकोणपन्नास सीसी जास्त घेतले म्हणून कराचा टप्पा दुपटीहून वर जातो.

आणि मागची सीट. या हिशेबात ती सहसा येतच नाही, कारण तुलना करणारे बहुधा एकटे फिरतात. नाथषष्ठीला पैठणच्या वाटेवर पाहावं: मागे साडीत, एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई, मांडीवर पिशवी, कधी मध्ये पोर. ट्रायम्फची मागची जागा आखूड आणि उंच. क्लासिकवर मागचा माणूस ऐसपैस बसतो. आठवड्यातून एकदा जरी घरचं कुणी मागे बसणार असेल, तर माझ्या मते निकाल इथेच लागतो.

जिव्हाळ्याचाही एक मुद्दा निघतो. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ पासूनचा. त्यानं या शहराला पगार दिला, वसाहती दिल्या. ट्रायम्फचं नाव विलायती असलं तरी ही चारशे बजाजच चाकणला बनवते, मग आपलीच गाडी का घेऊ नये? भावना मला मान्य आहे, पण रस्त्याला ती दिसत नाही. शिवाय बिडकीनच्या ७,८५५ एकरांच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांनी जागा घेतली, त्यांत एथरसारखी विजेवर चालणारी दुचाकी बनवणारी कंपनी आहे. पेट्रोलच्या दोन गाड्यांत निवड करणारा हा लेखच कदाचित आणखी काही वर्षांत जुनापुराणा वाटेल.

पिंपळवाडीच्या पुढे पैठण येतं, आणि नाथसागराचं पाणी आकाशाला टेकलेलं दिसतं. परतताना चितेगावला शिफ्ट सुटलेली असते. तेव्हा रस्ता भरून जातो तो शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांनी. क्लासिक दहा-वीसांत एखादी, ट्रायम्फ त्याहून कमी. त्या गर्दीत डाव्या कडेनं एक दूधवाला जात असतो, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे कॅन, हँडलला ताडपत्री, मागे पेंडीचं पोतं. क्लासिक आणि ट्रायम्फ दोघीही त्याच्याच चालीनं, त्याच्या मागे.