दाखला हवा आहे

कादंबरीतलं सर्वांत सुंदर वाक्य कोशाच्या कामाचं नसतं. विक्शनरीसारख्या खुल्या ऑनलाइन शब्दकोशात जुन्या कादंबऱ्यांतले दाखले भरायला लागल्यापासून माझं हे मत पक्कं होत गेलं आहे. सुंदर वाक्यात लेखक शब्दाला जरा वाकवतो, त्याच्याकडून नेहमीपेक्षा जास्त काम करून घेतो. मला शब्द हवा असतो तो रोजच्या कपड्यांत. अर्थ लिहिणारा कोशकार हा पक्षकार, दाखला हा साक्षीदार. आणि साक्षीदार फारच छान बोलायला लागला की मला शंका येते.

उदाहरणार्थ 'सोवळी'. आज सोवळं म्हटलं की देवघर आणि कद आठवतो. कादंबरीकार हरिभाऊ आपट्यांच्या काळातल्या घरात 'सोवळी' म्हणजे केशवपन झालेली विधवा, हा अर्थ कोणी कोणाला समजावून सांगत नसे. 'पण लक्षात कोण घेतो?'मधून या शब्दाला दाखला शोधताना हात आपोआप नायिका यमूच्या वपनाच्या प्रसंगाकडे जातो. मी तिथून वाक्य घेत नाही. तिथे वाचक हलतो, आणि त्या हलण्यात शब्दाचा अर्थ त्याला प्रसंगावरून कळतो. मला असं वाक्य हवं, ज्यात एखादी बाई दुसरीला जाता जाता सोवळी म्हणते आणि लगेच भाजी निवडायला लागते. शब्द किती सवयीचा होता हे अशा वाक्यातच दिसतं, आणि सवयीचा होता हीच त्यातली भयंकर गोष्ट. एक पाचर मात्र राहतेच. कादंबरीची निवेदक यमू असली तरी लिहिणारा पुरुष आहे. म्हणून बायकांच्या बोलण्यातला शब्द असेल तर लेखिका काशीबाई कानिटकरांकडे तो मिळतो का, हे मी आधी बघते.

मराठी कोशात कादंबरीतले दाखले देण्याची सुरुवात १८५७ साली व्हायला हरकत नव्हती. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती त्या वर्षी निघाली. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', मराठीतली पहिली कादंबरी, हीही त्याच वर्षीची. आणि ज्या कोशाने पुढे दाखल्यांचा डोंगर रचला त्या ऑक्सफर्डच्या कोशाची कल्पनाही लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत तेव्हाच मांडली गेली. पण पहिली कादंबरी आणि मोठा कोश एकाच वर्षी आल्यावर कोशाला कादंबरीचा काय उपयोग होणार! मोल्सवर्थ वाक्प्रचार, म्हणी भरभरून देतो, पण कुठल्या पुस्तकाच्या कितव्या पानावरून, हे सहसा सांगत नाही. गंमत पुढेच आहे. त्याच मोल्सवर्थचा संक्षिप्त कोश पुढे तयार केला तो पदमनजींनीच. म्हणजे मराठीतला पहिला कादंबरीकार कोशकारही होता. पण संक्षिप्त कोशात शब्द आणि अर्थ बसवतानाच मारामार, तिथे दाखल्यांना जागा कुठली? आकड्यांसकट आधार देण्याची शिस्त आपल्याकडे ठसठशीतपणे दिसते ती १९३२पासून निघालेल्या दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त. मात्र तिथे 'ज्ञा', म्हणजे ज्ञानेश्वरी, आणि मोरोपंत यांचं पारडं मला जड वाटतं. घरगुती गद्य त्या मानानं कमी.

काम खरं अडतं ते आवृत्तीपाशी. हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९०पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः आली, पुस्तक नंतर झालं. जुन्या छपाईत तिच्या नावातसुद्धा 'लक्ष्यांत' आहे. १९६२मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले, अनुच्चारित अनुस्वार गेले, आणि पुनर्मुद्रणांत 'कांहीं नाहीं'चं बिनबोभाट 'काही नाही' झालं. अशा आवृत्तीतलं वाक्य उतरवून खाली १८९० लिहिलं तर तो खोटा दस्तऐवज. म्हणून मी पहिल्या प्रसिद्धीचं साल आणि समोरच्या प्रतीचं साल अशी दोन सालं लिहिते, आणि अनुस्वार होते तसे ठेवते. शोधतानाही दोन्ही रूपं टाकावी लागतात. संगणकाला 'कांहीं' आणि 'काही' ही सख्खी भावंडं आहेत हे ठाऊक नसतं. विकिस्रोत या खुल्या ऑनलाइन ग्रंथालयात पान लाल असेल तर तपासणी व्हायची आहे, पिवळं म्हणजे एकाने वाचलंय, हिरवं म्हणजे दुसऱ्यानेही. हिरव्या पानावरही मी शेजारचं मूळ छायाचित्र मोठं करून बघते. जुन्या खिळ्यांत घ-ध, भ-म, ष-प यांच्या रेघा झिजलेल्या असतात आणि छायाचित्रातली अक्षरं ओळखणारं यंत्र बेधडक काहीतरी ठरवून मोकळं होतं.

हे सारं मी भाईंदरमध्ये बसून करते, आणि इथलाच शब्द मला छापून मिळत नाही. 'आगर' घ्या. गुणांचं आगर, विद्येचं आगर हवं तितकं सापडतं. मिठाचं आगर, ज्यावर हे गाव वाढलं, ते कादंबरीत कुठे? 'शिलोत्री', म्हणजे मिठागराचा धारक, तर त्याहून दुर्मीळ. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक मुक्त होतं. त्यामुळे आज जालावर अख्ख्या मिळणाऱ्या कादंबऱ्या बहुतेक पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरांतल्या आहेत. खेड्यातल्या कष्टकऱ्यांना कादंबरीत आणणारे र. वा. दिघे १९८०मध्ये गेले. त्यांची 'पाणकळा' २०४१पर्यंत थांबणार. एखादं वाक्य उद्धृत करायला कायदा आड येत नाही, पण पुस्तक शोधण्याजोग्या रूपात नसेल तर शब्द कुठल्या पानावर आहे हे कळायचं कसं? पानं उलटून, दुसरं काय.

'शिलोत्री' सरकारी कागदांत आहे, आणि त्यातला दाखला चालवून घ्या असं मला सुचवलंही गेलं. कागदावरून एवढंच कळतं की सरकारला तो वसुलीपुरता माहीत होता. मला कादंबरीतलाच हवा आहे; ज्यात कोणी शिलोत्र्याच्या नावानं बोटं मोडतंय, नाहीतर त्याच्या घरात मुलगी द्यावी की नाही यावर ओटीवर वाद पेटलाय.