मोडलेली काडी

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी सध्या स्कॉटलंडमध्ये शिकत आहे. गेल्या वर्षी त्याने अ‍ॅरन बेटाच्या किनाऱ्यावर वेचलेल्या काही पांढऱ्या, फाटे फुटलेल्या काड्या शाळेच्या संग्रहाकरिता पाठविल्या. आम्ही त्या वर्गात नेल्या आणि "हे पोवळे" असे मोठ्या ऐटीत सांगून मोकळे झालो. हाताळता हाताळता एका मुलाच्या बोटांत एक काडी मोडली. तो बिचारा कावराबावरा झाला. "असू दे, समुद्रात रगड आहेत," असे म्हणून आम्ही त्याचे समाधान केले.

मागाहून आलेल्या पत्राने आमची दोन्ही विधाने खोटी ठरविली. ती वस्तू पोवळे नव्हे, प्राणीही नव्हे; ती एक वनस्पती आहे! तांबड्या शेवाळांतील ही एक जात समुद्राच्या पाण्यातील चुना आपल्या अंगी साठवून दगडासारखी कठीण होते. जिवंतपणी तिचा रंग गुलाबी-जांभळा असतो. मेल्यावर ती पांढरी पडते. १७६६ मध्ये पालास या पंडितानेही तिला प्राण्यांतच घातले होते. अशी शेवाळे वनस्पतीच होत, हे १८३७ मध्ये फिलिपी याने ओळखले. एवढ्या मोठ्या माणसाच्या पंक्तीस बसण्याचा मान आम्हांस मिळाला, हेच काय ते समाधान.

दुसरी चूक मात्र हसण्यावारी नेण्याजोगी नाही. हे शेवाळ वर्षास फार तर एक मिलिमीटर वाढते. म्हणजे मोडलेली ती इंचभर काडी त्या मुलाहून खचित वडील होती! अशा अगणित काड्या तळाशी सुट्याच पडून एकमेकींत गुंततात. खालचे मृत थर कित्येक ठिकाणी हजारो वर्षांचे असतात. त्यांच्या फटींत खेकडे, किडे, कॉड माशांची पिले व स्कॅलप नावाच्या शिंपल्यांची पिले आसरा घेतात. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात शेतीच्या खतासाठी हे थर उपसले गेले. स्कॅलपसाठी लोखंडी दातांची जाळी तळावरून ओढतात, तेव्हा काड्या मोडून गाळाखाली गाडल्या जातात आणि उजेडावाचून मरतात. स्कॉटलंडच्या क्लाइड खाडीतील २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जाळे फिरलेल्या जागी जिवंत शेवाळ सत्तर टक्क्यांहून अधिक घटले व चार वर्षांतही सावरले नाही, असे आढळले.

त्याच खाडीतील अ‍ॅरनवर हॉवर्ड वुड व डॉन मॅकनीश या दोघा पाणबुड्यांनी १९९५ मध्ये गावकऱ्यांची संस्था उभारली. तेरा वर्षे खटपट केल्यावर, २००८ साली, लॅमलॅश उपसागराचा सुमारे पावणेतीन चौरस किलोमीटरचा भाग सर्व मासेमारीस बंद झाला; २०१६ मध्ये दक्षिण अ‍ॅरनच्या संरक्षित समुद्रात ती दातेरी जाळीही बंद झाली. तेरा वर्षे म्हणजे त्या काडीची अर्ध्या इंचाची वाढ!

काडीचे दोन्ही तुकडे आम्ही काचेच्या पेटीत ठेविले आहेत. "पोवळे" ही चिठ्ठी काढून नवी लावली आहे. ती त्याच मुलाच्या अक्षरात आहे.