कारंजा (घाडगे) : मधल्या वाटेवरचे गाव आणि खेळाडूचा सत्कार

विदर्भात कारंजा नावाची दोन मोठी गावे आहेत. म्हणून एसटीच्या पाटीवर नावापुढे आणखी एक नाव लावावे लागते. वाशीम जिल्ह्यातले ते कारंजा (लाड) आणि वर्धा जिल्ह्यातले हे आपले कारंजा (घाडगे). नागपूरहून अमरावतीकडे निघाले की वाडी, गोंडखैरी, बाजारगाव, कोंढाळी ही गावे मागे पडतात आणि मग हे तालुक्याचे गाव येते. पुढे तळेगाव, तिवसा, मोझरी आणि अमरावती. म्हणजे नागपूर आणि अमरावती यांच्या जवळपास मधोमध हे गाव बसले आहे. जुन्या माणसांच्या तोंडी हा रस्ता अजूनही 'सहा नंबरचा हायवे' आहे. सरकारी कागदावर त्याचा क्रमांक आता ५३ झाला आहे.

आजूबाजूला सागाची झाडे असलेल्या टेकड्या आणि त्यांच्या पायथ्याशी कापूस, सोयाबीन आणि संत्र्याचे बगीचे. आंबिया बहार आणि मृग बहार हे शब्द इथल्या लहान पोट्ट्यांनाही समजतात. बगीचा ज्याचा असेल त्याचा असो. झाडावर चढून संत्री तोडणारे, ती निवडणारे आणि ट्रकमध्ये चढवणारे हात मजुरांचे असतात. त्या हातांत आपल्या समाजाचे हात आहेत, डोंगराकडच्या गावांतल्या गोंड बांधवांचे हात आहेत. दिवसभर हेच काम, आणि दिवाळीनंतर थंडी पडली की याच हातांची पोरे संध्याकाळी मैदानावर मांडी थोपटून उभी राहतात. कारण या पट्ट्यात हिवाळा म्हणजे कबड्डीचा मोसम.

कबड्डीला फार काही लागत नाही. मोकळी जागा, बारीक केलेली माती, चुन्याची फक्की आणि रात्रीचे सामने असतील तर दोन-चार दिव्यांचे खांब. म्हणूनच हा गरिबाचा खेळ. पूर्वी गावातला चांगला खेळाडू गावालाच माहीत असे. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला जागा मिळाली आणि भारताने सुवर्णपदक आणले. २०१४ पासून प्रो कबड्डी टीव्हीवर दिसू लागली. तेव्हापासून मातीतल्या खेळाडूला टीव्हीतला चेहरा मिळाला. आता एखाद्या सामन्याच्या उद्घाटनाला नावाजलेला खेळाडू येणार असे कळले, की आजूबाजूच्या खेड्यांतून पोरे सायकलवर, मोटारसायकलवर तिघे-तिघे बसून येतात. कोणी त्याच्या दंडाला हात लावून पाहतो, कोणी गुडघ्यावरची जखम निरखतो. "भाऊ, तुम्ही सकाळी किती वाजता उठता?" हा प्रश्न तर ठरलेलाच. उत्तर काहीही असो, दुसऱ्या दिवशी पहाटे चार पोरे रस्त्याच्या कडेने धावताना दिसतात. मोठ्या भाषणाने होत नाही ते एका भेटीने होते.

खेळाडूची आणि चाहत्याची भेट एवढी मोलाची आहे. आणि म्हणूनच ती भेट कशी होते, खेळाडूला कुठे बसवले जाते, त्याला पाणी कोणत्या पेल्यातून दिले जाते, हे प्रश्नही मोलाचे आहेत. आपल्या समाजाला हे प्रश्न नवीन नाहीत.

पळवणकर बाळू हे नाव आपल्या घरात प्रत्येक मुलाला माहीत असायला हवे. त्यांचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा, चर्मकार कुटुंबातला. पुण्यात पारशी लोकांच्या क्रिकेट क्लबात ते महिना तीन रुपयांवर कामाला लागले. काम काय, तर खेळपट्टी झाडायची, रूळ फिरवायचा. पुढे इंग्रजांच्या क्लबात चार रुपये मिळू लागले. तिथे साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता हा तरुण असा गोलंदाज झाला, की त्याच्यासारखा डावखुरा फिरकी गोलंदाज त्या काळच्या हिंदुस्थानात दुसरा नव्हता. मग पुण्याच्या हिंदू संघाला साहेबांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळू हवे होते. संघात त्यांना घेतले. परंतु चहाच्या वेळी इतर खेळाडू आत कपबशीतून चहा पीत, आणि बाळूंना बाहेर मातीच्या पेल्यात चहा मिळे. जेवणाचे ताटही वेगळे. ज्या हाताने बळी घेतले, तो हात संघाला चालत होता. त्या हातातला पेला चालत नव्हता.

१९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना हरवले, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. पण बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. ते परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला आणि त्यांना मानपत्र दिले. त्या मानपत्राशी एका तरुण विद्यार्थ्याचे नाव जोडलेले आहे, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी क्रिकेटच्या इतिहासात लिहिले आहे. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. तेव्हा त्यांचे वय वीस-एकवीस वर्षांचे. महाड अजून पुढे होते, येवला पुढे होते, नागपूर तर फारच पुढे होते.

वाचकहो, हा प्रसंग नीट डोळ्यांपुढे आणा. ज्याला संघाने मातीच्या पेल्यात चहा दिला, त्याला आपल्या गरीब समाजाने सभा भरवून मान दिला. क्लबाने त्याच्या गोलंदाजीचा उपयोग केला. समाजाने त्याच्या माणूसपणाचा गौरव केला. सत्कार या शब्दाचा खरा अर्थ हाच आहे.

इतक्या मोठ्या खेळाडूला हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र कधी मिळाले नाही. तो मान पुढे १९२३ साली त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल पळवणकरांना मिळाला, आणि तोही भावांनी अन्यायाविरुद्ध जाहीर आवाज उठवल्यानंतर. इतिहास पूर्ण सांगायचा तर हेही सांगितले पाहिजे, की बाळू पुढे काँग्रेसच्या बाजूला गेले आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत ते बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले. बाबासाहेब निवडून आले. राजकारणात वाटा वेगळ्या झाल्या, म्हणून बाळूंनी सोसलेला तो मातीचा पेला खोटा ठरत नाही आणि त्यांचे बळीही कमी होत नाहीत.

हे फक्त आपल्याच देशात घडले काय? नाही. ऑस्ट्रेलियात फुटबॉलचा एक वेगळाच खेळ आहे. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, एका बाजूला अठरा खेळाडू. चेंडू पायानेही मारायचा आणि हातानेही पुढे द्यायचा. तिकडे हा खेळ म्हणजे वेडच. क्लबाचे हजारो सभासद असतात, घरेच्या घरे एका क्लबाची असतात, आणि क्लबाच्या मेळाव्यात लहान मुले रांगेत उभी राहून आवडत्या खेळाडूची सही घेतात. आपल्या पोरांनी कबड्डीपटूच्या दंडाला हात लावावा, तसेच ते.

याच खेळात डग निकोल्स नावाचा खेळाडू होऊन गेला. तो तिथल्या आदिवासी समाजातला. १९२७ साली तो मेलबर्नच्या कार्लटन या नामांकित क्लबात गेला. तिथे खेळाडूंच्या अंगाला तेल चोळणाऱ्या माणसाने, हा काळा आहे म्हणून त्याच्या अंगाला हात लावायला नकार दिला. निकोल्सने तो क्लब सोडला. पुढे १९३२ पासून तो फिट्झरॉय क्लबाकडून खेळला. तिथे सुरुवातीला तो एका कोपऱ्यात एकटाच कपडे बदलत असे. तेव्हा हेडन बंटन हा त्या संघाचा सर्वांत मोठा गोरा खेळाडू त्याच्या शेजारी येऊन बसला आणि मित्र झाला. एक माणूस शेजारी येऊन बसला, एवढ्यानेही किती फरक पडतो! याच डग निकोल्स यांना १९७६ साली दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याचे गव्हर्नर नेमण्यात आले. आज त्या खेळाच्या मोसमात त्यांच्या नावाने सामन्यांची एक खास फेरी खेळली जाते.

पण चाहता नेहमीच सही मागत नाही, कधी शिवीही देतो. १७ एप्रिल १९९३ रोजी मेलबर्नमध्ये निकी विनमार या आदिवासी खेळाडूला प्रतिस्पर्धी क्लबाच्या प्रेक्षकांनी सामनाभर रंगावरून शिव्या दिल्या. सामना संपला, त्याचा संघ जिंकला. तेव्हा तो त्याच प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहिला, अंगातली जर्सी वर उचलली आणि आपल्या काळ्या त्वचेवर बोट ठेवले. ते छायाचित्र जगभर गेले. १९९५ साली त्या खेळात वर्णद्वेषी शिवीगाळीविरुद्ध नियम झाला. तरीही त्यानंतर वीस वर्षांनी अॅडम गुड्स या थोर खेळाडूची प्रेक्षकांनी इतकी हुर्यो उडवली, की २०१५ साली तो खेळातून निवृत्त झाला. २०१९ मध्ये त्या खेळाच्या संघटनेने आणि सर्व अठरा क्लबांनी त्याची जाहीर माफी मागितली. माफी उशिरा आली, पण ती संपूर्ण खेळाने मागितली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता पुन्हा आपल्या रस्त्यावर येऊ. कारंज्याच्या एका बाजूला अमरावती आहे. तिथले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचे. या मंडळाच्या खेळाडूंनी १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले. दुसऱ्या बाजूला नागपूर, आपली दीक्षाभूमी. दरवर्षी अशोक विजयादशमीला याच रस्त्याने निळे झेंडे लावलेल्या गाड्या नागपूरकडे जातात. त्याच नागपुरात हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना झोपडपट्टीतली पोरे पावसात फुटकी बादली लाथाडताना दिसली, आणि त्यातून २००१ साली झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ उभी राहिली. तिच्यावर नागराज मंजुळे यांनी काढलेला 'झुंड' हा चित्रपट २०२२ साली आला. त्यात नागपूरच्या वस्त्यांतल्या पोरांनी कामे केली आणि पडद्यावर बाबासाहेबांची जयंती आपल्या थाटात दिसली. अमिताभ बच्चन त्यात बारसे सरांच्या भूमिकेत होते. परंतु आपल्या पोरांना त्यात जास्त ओळखीची वाटली ती वस्तीतली पोरे. आपल्यासारखाच दिसणारा, आपल्यासारखाच बोलणारा कोणी पुढे गेलेला पाहिला, की पोराच्या मनातली अर्धी भीती तिथेच संपते.

म्हणून या मधल्या वाटेवरच्या गावातील, आणि सर्वच गावांतील मंडळांना, महिला मंडळांना आणि विहार समित्यांना काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला किंवा सामन्याच्या निमित्ताने एखाद्या खेळाडूला जरूर बोलवा. पण त्याला तासभर मंचावर पुढाऱ्यांच्या रांगेत बसवून ठेवू नका. हार-तुरे लवकर आटोपा आणि त्याला विहारातल्या सतरंजीवर मुलांमध्ये बसवा. मुलांना प्रश्न विचारू द्या. मुलींना मागच्या रांगेत ढकलू नका. कबड्डी आणि धावणे यांत आपल्या मुली कुठेही कमी नाहीत, त्यांना फक्त मैदानावर यायला घरची परवानगी आणि सोबत हवी असते. खेळाडू कोणत्याही समाजाचा असो, त्याला आपल्या माठातले पाणी आपल्याच पेल्यातून द्या आणि आपल्याबरोबर जेवायला बसवा. मैदानावर जो मान मिळतो तो पंक्तीतही मिळाला पाहिजे, हे आपण स्वतः करून दाखवायचे आहे. आणि दुसऱ्या गावच्या संघातल्या खेळाडूला जातीवरून कोणी बोलले, तर ते हसण्यावारी नेऊ नका. तिथेच सामना थांबवा. शिवी ऐकून गप्प बसणारा प्रेक्षकही त्या शिवीत सामील असतो.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सत्काराच्या यादीत एक नाव हमखास घाला : पहाटे उठून मैदान झाडणाऱ्याचे, माती चाळणाऱ्याचे, फक्की मारणाऱ्याचे. त्याला शाल द्या, पोरांसमोर त्याचे नाव घ्या. पळवणकर बाळूसुद्धा आधी तीन रुपयांवर मैदान झाडणारेच होते. आपल्या मैदानावर रूळ फिरवणाऱ्या पोराच्या हातात काय दडले आहे, हे आपण आधी पाहायचे. क्लबाने उपयोग करून घेईपर्यंत वाट पाहायची नाही.

जय भीम!