ताईची गोळी

आमच्या थोरल्या ताईच्या घरी, पवित्र हृदयाच्या तसबिरीखालील फळीवर, मेणबत्ती व जपमाळ यांच्या शेजारी गोळ्यांचे एक पाकीट नेहमी ठेवलेले असते. संध्याकाळची रोझरी आटोपली की ती त्यातील एक गोळी घेते. या चिमुकल्या गोळीने आम्हा भावंडांना एकदा चांगलाच धडा शिकवला. तो सांगताना आमची मान खाली जाते. तरीही तो सांगितला पाहिजे.

ताईच्या स्तनातील कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने काढली, किरणोपचारही पार पडले. त्यानंतर डॉक्टरांनी टॅमॉक्सिफेनची रोज एक गोळी निदान पाच वर्षे घ्यायला सांगितली. गोळीमुळे तिच्या अंगातून वाफा निघत, रात्री घामाने उशी भिजे. दोन वर्षांनी ती म्हणाली, “गाठ तर गेली, मग हा जाच कशासाठी?” आणि आम्ही, चार बुके शिकलेली माणसे, “नको वाटते तर सोड” म्हणून मोकळे झालो. चार महिन्यांनी तपासणीच्या वेळी ही गोष्ट उघडकीस आली.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी कागदावर एक वर्तुळ काढले. “ही पेशी. हिच्या आत एक कुलूप आहे, आणि इस्ट्रोजेन हे संप्रेरक त्याची किल्ली. किल्ली फिरली की पेशीला वाढण्याचा हुकूम मिळतो. ही गोळी त्या कुलपात जाऊन बसते, पण फिरत नाही. गाठ काढल्यावरही एखादी पेशी कुठे दडून राहिली असेल, तर तिला हुकूम मिळू नये म्हणून ही गोळी.” सर्वच स्तनकर्करोगांत हे कुलूप नसते. म्हणून काढलेल्या गाठीचा तुकडा तपासूनच ही गोळी द्यायची की नाही ते ठरते.

घरी आल्यावर आम्ही वाचू लागलो. १८९६ साली जॉर्ज बीटसन या ग्लासगोच्या शल्यविशारदाने स्तनकर्करोग बळावलेल्या स्त्रियांचे बीजांडकोश काढले आणि काहींच्या गाठी आक्रसल्याचे जगाला दाखवून दिले. त्या वेळी ‘हार्मोन’ हा शब्दही रूढ नव्हता. १९४१ साली शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोगही संप्रेरकांवर पोसतो हे सिद्ध केले. १९६६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

वाचता वाचता आणखी एका कोड्याचा उलगडा झाला. किरणोपचाराच्या रांगेत ताईशेजारी बसणाऱ्या एका बाईंना गर्भाशयमुखाचा कर्करोग होता. त्यांचे हिमोग्लोबिन डॉक्टर पुनःपुन्हा तपासत. रक्ताचा आणि किरणांचा काय संबंध, असे आम्हांला वाटे. संबंध प्राणवायूचा आहे. गाठ वाढते, पण रक्तवाहिन्या तिला पुरत नाहीत. १९५५ साली टॉमलिन्सन व ग्रे या इंग्रज संशोधकांनी दाखवले की, रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या सुमारे सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढ्या अंतरापलीकडे गाठीतील पेशी गुदमरून मरतात. मात्र मेलेल्या व सुदृढ पेशींच्या मधोमध काही अर्धवट गुदमरलेल्या पेशी तग धरून असतात. प्राणवायू नसलेल्या पेशीला मारण्यास किरणांची मात्रा जवळजवळ तिप्पट लागते. अंगात रक्त कमी असले की गाठीला प्राणवायू आणखीच कमी पोहोचतो.

या गुदमरलेल्या पेशी स्वस्थही बसत नाहीत. एचआयएफ नावाचे एक प्रथिन आपल्या पेशींत सतत तयार होते आणि प्राणवायू पुरेसा असला की नष्ट केले जाते. प्राणवायू घटला की ते टिकते. नव्या रक्तवाहिन्या मागवते, साखरेवर अधिक विसंबायला लावते, पेशींना दूर पसरण्याचे बळही देते. हे कोडे सोडवणाऱ्या सेमेन्झा, रॅटक्लिफ व केलिन यांना २०१९ चे नोबेल मिळाले.

आपल्या परळच्या टाटा स्मारक रुग्णालयानेही या वाटेवर पाऊल टाकले आहे. तेथील डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी १,००० स्त्रियांची चाचणी घेऊन, त्यांतील निम्म्यांना शस्त्रक्रियेपूर्वी प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे एकच इंजेक्शन दिले. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकंदरीत ठोस फरक दिसला नाही. पण ज्यांच्या काखेतील गाठींपर्यंत रोग पोहोचला होता, अशा स्त्रियांत तो उलटण्याचे प्रमाण कमी आढळले.

हे सारे वाचल्यावर आम्हांला अधिक लाज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. ताईच्या आजारात भेटीला येणारी माणसे दबक्या आवाजात विचारीत, “हिचे काय चुकले असेल?” आम्हीही मनातून तोच शोध घेत होतो. आता कळते की, जे संप्रेरक मुलीला स्त्री बनवते, जी युक्ती विरळ हवेच्या डोंगरावर माणसाला जगवते, तीच साधने कर्करोग चोरून वापरतो. चोरी झालेल्या घराच्या मालकिणीला आम्ही गुन्हेगार ठरवू पाहत होतो.

त्या चार महिन्यांचा हिशोब कुणालाच मांडता येणार नाही. ताईने गोळी पुन्हा सुरू केली. वाफांचा त्रास डॉक्टरांना सांगितल्यावर त्यावरही थोडाफार उपाय निघाला, जो विचारण्याचे आम्हांला आधी सुचलेच नव्हते. आता दर रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात आमच्यापैकी कुणी ना कुणी तिला हटकतो, “ताई, काल गोळी घेतलीस ना?”

ती डोळे वटारते आणि विचारते, “आणि तुमची रोझरी झाली का?”