मुंब्र्याचे वळण

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला पोहोचली आणि पुढच्या वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. डोंबिवलीहून मशीद बंदरच्या पेढीकडे निघणारा व्यापारी आजही त्याच वाटेने जातो. दिवा ओलांडले की पारसिकचा डोंगर जवळ येतो, खाडीचा वारा लागतो आणि मुंब्र्याचे वळण सुरू होते.

९ जून २०२५ च्या सकाळी या भागात दोन लोकल शेजारून जात असताना दारांतले प्रवासी रुळांवर पडले. त्या दिवशी चौघांचे प्राण गेले. नव्या लोकलना आपोआप मिटणारी दारे बसवण्याचा निर्णय रेल्वेने लगेच जाहीर केला.

दार मिटणे म्हणजे मोकळेपणावर घाला, असे काहींना वाटते. परंतु गर्दीच्या वेळी डोंबिवलीत दाराला लोंबकळणाऱ्याने ती जागा निवडलेली नसते. आत पाऊल ठेवायला जागा नसते आणि गाडी सोडली तर रोजगार बुडतो. त्याला मिटलेल्या दाराइतक्याच जादा गाड्या आणि डब्यात खेळती हवा हवी. आत जागा असूनही हौसेने दार अडवणाऱ्यावर मात्र बंधन येईल, आणि ते यावेच; कारण त्याची हौस मागच्या माणसाला बाहेर लटकत ठेवते.